तिसऱ्या प्लगचे चौदा फेरे

“उस्ताद, जुना प्लग निघताना असा ओरडतो का?”

विचारलं आणि लगेच जीभ चावली.

पिकअपचं सीट उचललेलं होतं आणि मी खालच्या इंजिनावर वाकले होते. पहिले दोन प्लग मुकाट निघाले. तिसरा निघताना कुंईऽ झालं. मोठ्यानं नाही. बिजागरीला तेल नसलं की दार कुरकुरतं, तेवढंच.

तरी मी दचकले. पान्याची मूठ पत्र्यावर आपटली आणि त्या आवाजानं परत दचकले.

उस्ताद दहा पावलांवर लिंबाखाली स्टुलावर बसले होते. पाठमोरे. समोर नटबोल्टांचा डबा.

...

त्यांनी मान वळवली नाही.

आधी वाईट वाटलं. मग हायसं वाटलं. कारण सकाळी त्यांनी सांगून ठेवलं होतं.

“आज ही गाडी तुझी. मी हात लावणार नाही.”

“आणि अडलं तर?”

“हाक मार. येतो की.”

“बरं.”

“पण मी आलो की पाना माझा. मग तो परत तुझ्या हातात कधी देईन, ते आज सांगता यायचं नाही.”

बाबालाल उस्तादांचं बोलणं एवढंच असतं. वाईहून पाचवडकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं गॅरेज आहे. एक शटर, पुढं पत्र्याचा मांडव, मांडवापुढं लिंब. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, फर्स्ट क्लासमध्ये, आणि आठ महिन्यांपूर्वी इथं शिकायला आले. घरचे म्हणाले, कंपनी सोडून गॅरेजात? कंपनीत मी अकरा दिवस गेले होते. तिथं भोंगा व्हायचा. दिवसातून चारदा. मी चारही वेळा दचकायचे.

पहिल्या दिवशीच उस्तादांना सांगून टाकलं होतं, “मी फार दचकते. चालेल का?”

“गाडीला चालतंय का बघू,” ते म्हणाले होते.

आता येत्या सोमवारी ते मिरजेला जाणार होते, लेकीकडे. नात झालीय. आठ दिवस राहणार. त्या आठ दिवसांत शटर उघडं राहणार का बंद, हा विषय त्यांनी काढला नव्हता आणि विचारायची माझी छाती नव्हती. शटरची किल्ली त्यांच्या कमरेला असते, सायकलच्या चेनच्या तुकड्यात अडकवलेली. दोन आठवडे मी त्या तुकड्याकडे बघत होते.

आणि आज त्यांनी पहिल्यांदा अख्खी गाडी माझ्यावर सोडली होती. ह्याचा अर्थ न कळण्याइतकी मी साधी नाही.

“काय गं, ओरडलं काय ते?”

मी परत दचकले. यमुनाक्का होत्या.

गाडी त्यांचीच. पसरणीच्या पायथ्याला त्यांची रोपवाटिका आहे. मागच्या हौद्यात कोबीच्या रोपांचे साठ ट्रे होते, वर हिरवी जाळी. सकाळी घाट चढताना गाडी गचके खायला लागली, म्हणून त्या अर्ध्या वाटेतून उलट्या फिरून आमच्याकडे आल्या होत्या. वर पाचगणीच्या पलीकडे बायका लावणीला खोळंबल्या होत्या. इंजिन गार झाल्याशिवाय प्लग काढायचे नसतात, त्यात तासभर गेला. तेवढ्या वेळात आक्कांनी दोनदा रोपांवर पाणी शिंपडलं, एकदा माझ्यावर.

“प्लग ओरडला, आक्का.”

“ओरडायला काय बाळंत व्हतोय?”

“घट्ट होता.”

“मग तू का दचाकलीस? नाव उल्का, आन् सोताच आभाळातनं पडल्यासारखी करतीस.”

चौथा काढला. तोही मुकाट निघाला.

चारही जुने प्लग वर्तमानपत्रावर ओळीत मांडले आणि प्रत्येकाखाली पेनानं आकडा लिहिला. एक, दोन, तीन, चार. उस्तादांची ती शिस्त आहे. कुठला प्लग कुठल्या भोकातला, ते कळलं पाहिजे. प्लग काय सांगतो ते नंतर; आधी कोण सांगतोय ते, असं ते म्हणतात.

चौघांचीही टोकं झिजली होती. गाडी गॅसवर पळते, गॅसवर प्लग लवकर झिजतात. तिसऱ्याच्या आट्यांत मात्र काजळी बसली होती, कडक, काळी, तव्याच्या बुडाला असते तशी. बाकीच्या तिघांचे आटे स्वच्छ होते.

मी फडकं घेऊन ती काजळी पुसली. अगदी मन लावून.

जुन्या प्लगची. जो आता भंगारात जाणार होता त्याची. आता लिहिताना हसू येतं.

नवे प्लग काढले. टोकांमधली फट मोजली. परत मोजली. मग माझा टॉर्क पाना घेतला. कॉलेज संपल्यावर स्वतःसाठी घेतलेली ती पहिली वस्तू. त्याच्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर पडला की तो टक् करतो, म्हणजे थांब. मला थांब म्हणणाऱ्या वस्तू आवडतात.

पहिल्यांदा तो गॅरेजात आणला तेव्हा उस्तादांनी हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला होता.

“चांगलाय,” म्हणाले होते. “ह्याला ऐकू येतं का?”

“काय, उस्ताद?”

“काही नाही.”

पहिला नवा प्लग भोकात सोडला. आधी लांब नळीत अडकवून नुसत्या बोटांनी फिरवायचा, जोर लावायचा नाही. मी फेरे मोजते. कुणी शिकवलं नाही. जिने मोजते, घाटातली वळणं मोजते, दवाखान्यात बसले की पंख्याची पाती मोजते. भीती वाटली की मोजायला लागते, आणि भीती बऱ्याचदा वाटते.

चौदा फेरे झाले. मग पाना लावला. टक्.

दुसरा. चौदा. टक्.

तिसरा.

दहा... अकरा... बारा.

थांबला.

पाना लावला. जरा नेट दिला. टक्.

मी तशीच वाकून राहिले.

“झालं का?” आक्का म्हणाल्या.

“बाराच झाले.”

“काय बारा?”

“फेरे. पहिले दोन चौदाला बसले. हा बाराला.”

“पर टक् वाजलं की. मी ऐकलं.”

“वाजलं.”

“मग?”

“...बाराला वाजलं.”

आक्कांनी हातातला पाण्याचा मग हौद्यात ठेवला आणि पुढं आल्या. सीटच्या खाली डोकावल्या. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. प्लग खोल विहिरीसारख्या भोकात असतो, वरून नुसता अंधार दिसतो.

“एखादा बुटका असंल,” त्या म्हणाल्या.

“नवे आहेत आक्का. एकाच खोक्यातले.”

“माझी दोनी पोरं एकाच घरातली हायेत. एक ताडमाड, एक हे एवढंसं.”

मला हसू आलं.

दोन फेरे म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याची जाडी. तेवढी फट राहिली होती खाली. सीट बंद केलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. गाडी चालू झाली असती. आज घाटही चढली असती, बहुतेक. मग पंधरा दिवसांनी, महिन्यानं, त्या फटीतून धग वर आली असती, आटे जळाले असते, आणि एखाद्या चढावर प्लग इंजिनातून सुटून उडाला असता. तेव्हाही मागं रोपं असती आणि पुढं यमुनाक्का.

दुसरा रस्ता होता. जोर लावून ते दोन फेरे पुरे करायचे. लांब दांड्याचा पाना भिंतीला टांगलेला होता.

मी भिंतीकडे बघितलं आणि मग आपोआप दाराकडे.

आमच्या शटरवर लोकांसारखं लिंबू-मिरची नाही. तिथं एका जुन्या इंजिनाचं हेड टांगलंय. हेड म्हणजे प्लग ज्यात बसतात तो ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याच्या एका भोकाचे आटे सगळे उखडलेत, फाटक्या बाहीसारखे.

पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं, “हे का टांगलंय?”

“नजर लागू नये म्हणून.”

“कुणाची?”

“माझी.”

मग थोडी वाट बघून परत विचारलं होतं, “हे मोडलं कसं?”

“जोरात,” उस्ताद म्हणाले होते.

आक्कांनी मी कुठं बघतेय ते बघितलं.

“त्ये व्हय,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासऱ्यांच्या गाडीचं हाय त्ये. बाबालाल तवा पंचविशीचा. लई धीट. कशाला भ्यायचा न्हाय, कुणाला इचारायचा न्हाय.” आणि जरा थांबून, “आमची गाडी दीड महिना हितंच हुबी व्हती.”

लिंबाखालून नुसता एक आवाज येत होता, खर्र... खर्र... उस्ताद कशावर तरी पातं चालवत होते.

म्हणजे राहिला एकच रस्ता.

मी चेनच्या तुकड्याचा विचार केला. मिरजेचा केला. आठ दिवस खाली असलेल्या शटरचा, आणि त्या आठ दिवसांत घरी आईच्या समोर बसून मी काय सांगेन, त्याचाही केला. हे सगळं बारा मोजेपर्यंत झालं असेल.

मग हाक मारली.

“उस्ताद.”

खर्र... खर्र...

“उस्ताद, तिसरा बाराला अडला.”

खर्र...

थांबलं. क्षणभर. मग परत सुरू.

हा माणूस जेवता जेवता घास हातात धरून थांबतो आणि रस्त्यानं गेलेल्या गाडीकडे बोट करून सांगतो, ह्याचा मागचा ब्रेक घासतोय. आठ महिन्यांत मी त्यांना एकही आवाज चुकलेला बघितला नव्हता.

“बाबालाल,” आक्का ओरडल्या, “बहिरा झालास का रं? पोरगी घसा फोडतीया.”

खर्र... खर्र...

“अगं, ऱ्हाऊ दे,” आक्का मला म्हणाल्या, आवाज उतरवून. “टक् वाजलंय न्हवं? मी काय तुला बोल लावणार न्हाय. रोपं माना टाकत्यात. कर बंद.”

त्यांनी मनापासून म्हटलं होतं. म्हणून जास्त अवघड झालं.

“नाही आक्का.”

“का?”

“दोन फेरे राहिलेत.”

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या, आणि हौद्यातला मग उचलून पाणी आणायला वळल्या.

मी खाली उतरले. टॉर्क पाना दोन्ही हातांत धरला आणि लिंबाकडे चालायला लागले. देवळात काहीतरी वाहायला निघाल्यासारखी. सहा पावलं झाली.

“उस्ताद, पाना घ्या. माझ्याच्यानं होत नाही.”

उस्ताद उठले. पण माझ्याकडे वळले नाहीत. जसं काही मी तिथं नव्हतेच, तसे हात झटकत नळाकडे गेले आणि साबण लावायला लागले. सावकाश. एकेक बोट.

मी पाना धरून उभी. काय करावं कळेना.

मग स्टुलाकडे लक्ष गेलं.

स्टुलावर करवतीचं पातं होतं. शेजारी ग्रीसची डबी, झाकण उघडं. आणि मधोमध एक प्लग. जुना, झिजलेला. त्याच्या आट्यांवर वरपासून खालपर्यंत चार उभ्या खाचा पाडलेल्या होत्या. चारही सरळ. काठ कानशीनं साफ केलेले.

मी मागं वळून वर्तमानपत्राकडे बघितलं.

दोन, तीन, चार.

एकच्या जागी कागद दिसत होता, आणि त्यावर माझं अक्षर.

केव्हा उचलला त्यांनी?

चार सरळ खाचा दोन हाकांच्या वेळात होत नाहीत. पोलादावर हाताच्या पात्यानं तर नाहीच. मी ‘बारा’ म्हणायच्या आधी, पाना टक् म्हणायच्या आधी, कुंईऽ ऐकलं तेव्हाच त्यांना कळलं असणार; मी प्लग मांडल्यावर ते येऊन एक उचलून गेले असणार. आणि मी फट मोजत होते.

पाना स्टुलावर ठेवला. प्लग उचलला. पात्याच्या घासणीनं तो अजून कोमट होता.

पुढचं कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, ते आता हातातच होतं: काजळी भोकाच्या आट्यांतही होती, ती ह्या खाचांनी खरवडून काढायची.

नवा प्लग साध्या पान्यानं सैल केला आणि बोटांनी उलटा फिरवून बाहेर काढला, बारा फेरे. जुन्याच्या खाचांत ग्रीस भरलं. त्याला तिसऱ्या भोकात सोडलं. हलक्या हातानं फिरवत गेले. बाराला थांबला, त्याच जागी.

जोर लावला नाही. अर्धा फेरा मागं घेतला. पाव फेरा पुढं. परत मागं. परत पुढं. मग सगळा बाहेर काढला.

खाचा काळ्या झाल्या होत्या. ग्रीसला काजळीचे खडे चिकटले होते, राळ्याच्या दाण्याएवढे.

पुसला. ग्रीस भरलं. परत आत.

आक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्यांदा बाहेर काढला तेव्हा त्यांनी पदराखालून एक फडकं काढून पुढं केलं, आणि मी दचकले नाही. हे मला नंतर आठवलं.

तिसऱ्या खेपेला तो बारावरून सव्वाबारावर गेला. मला एवढं बरं वाटलं की मी थांबून एक श्वास घेतला. लिंबातून ऊन खाली येत होतं. कुठल्या तरी फांदीवर पोपट भांडत होते. नळाचं पाणी बंद झालं होतं, पण मागं बघितलं नाही.

पाचव्या खेपेला तेरा.

सहाव्या खेपेला तेरा आणि थोडा. मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि तो जुना प्लग बोटांत एकदम मऊ फिरला, गुळगुळीत, लोण्यात सुरी जावी तसा.

चौदा.

“बसला का?” आक्कांनी कुजबुजून विचारलं. का कुजबुजल्या कुणास ठाऊक.

“बसला. पण हा नाही राहायचा. हा नुसता वाट करायला.”

“आन् मग?”

“मग बाहेर.”

“बिचारा,” आक्का म्हणाल्या.

तो काढून खिशात टाकला. आत चुरा राहिला असेल म्हणून गॅसचा कॉक बंद केला आणि आक्कांना दारातून हात घालून नुसता सेल्फ मारायला सांगितला. भोकातून फस्सऽ करून हवा आली. मी एवढी दचकले की मागं टायरवरच बसले. आक्का स्टेअरिंगवर डोकं टेकून हसल्या, हसता हसता त्यांचा हात हॉर्नवर पडला, आणि मी बसल्या जागी परत दचकले.

मग नवा प्लग. बोटांनी.

...बारा. तेरा. चौदा.

पाना आणायला स्टुलाकडे गेले. उस्ताद परत तिथं येऊन बसले होते, पाठमोरेच. पाना त्यांच्या मांडीवर होता. मी हात पुढं केला. त्यांनी दिलाही नाही, धरलाही नाही. मी उचलला.

टक्.

चौथा. चौदा. टक्.

सीट बंद केलं. गॅस सोडला. आक्कांनी गाडी चालू केली.

आधी गचक्यागणिक मागची रोपं माना हलवायची. आता साठ ट्रेमधली पानं नुसती थरथरत होती, सगळी एका लयीत, आणि त्यांच्यावरचे पाण्याचे थेंब जागच्या जागी थरथरत होते. आक्कांनी खिडकीतून मान बाहेर काढून तो आवाज ऐकला. तोंड गोड खाल्ल्यासारखं झालं.

“बाबालाल,” त्या म्हणाल्या, “तुझ्यापरीस हिला वेळ लागला.”

“हां,” उस्ताद नटबोल्टांच्या डब्याला म्हणाले.

“पर तुझ्यागत दीड महिना न्हाय लागला.”

“हां.”

“सोमवारी दुसरी खेप हाय माझी. वर जाताना आइल बदलून घ्यायचं म्हणते. हितं कोन असंल?”

...

मी फडकं पिळत होते, ज्यात पाणी नव्हतं.

“बरं,” आक्का म्हणाल्या. “मी यीन तर खरी.”

गाडी रस्त्याला लागली. वळेपर्यंत मी तिचा आवाज ऐकला. नंतरही थोडा वेळ.

मग सगळं आवरलं. पाने पुसून जागेवर लावले. टॉर्क पाना तेवढा हातात ठेवला. उस्तादांच्या समोर गेले. आता समोर, पाठीमागून नाही. वर्तमानपत्र नेऊन स्टुलाशेजारी मातीत पसरलं आणि पाना त्यावर ठेवला.

“मी तीन हाका मारल्या, उस्ताद.”

...

“तुम्ही म्हणाला होता, हाक मारली की पाना तुमचा.”

उस्तादांनी पान्याकडे बघितलं नाही. ते कागदावरच्या प्लगांकडे बघत होते. दोन. तीन. चार. त्यांनी तिसरा उचलला, त्याचे चकचकीत आटे नखानं तपासले.

“हा कुणी पुसला?”

“मी.”

“छान पुसलाय,” ते म्हणाले, आणि तो परत जागेवर ठेवला. ओठांच्या कडेला काहीतरी होतं. माझे कान तापले.

मी खिशातून खाचा पाडलेला प्लग काढून त्यांच्यापुढं धरला. पहिल्या जागेवर ठेवण्यासाठी. त्यांनी मान हलवली. नाही. माझी मूठ त्यांच्या काळ्या, खरखरीत बोटांनी त्या प्लगवर मिटली.

मग कमरेशी हात नेला. चेनचा तुकडा सोडवताना किणकिणला.

किल्ली त्यांनी कागदावर ठेवली. बरोबर एकच्या आकड्यावर.

...

मी तिच्याकडे बघत राहिले. उचलली नाही. दोन आठवडे जिच्याकडे बघत होते ती ही, आणि आता ती जवळ आल्यावर तळहाताला घाम आला. मिरज इथून लांब आहे. सोमवारी आक्का येणार. मंगळवारी आणखी कुणी. आणि एखाद्या दिवशी एखादा प्लग अकरालाच अडेल, किंवा असं काहीतरी अडेल ज्याचं नावसुद्धा मला माहीत नाही.

“उस्ताद.”

लिंबातले पोपट उडाले. मी दचकले. त्यांनी माझं दचकून होऊ दिलं.

“उस्ताद, सोमवारी मी हाक मारली तर?”

उस्तादांनी मान वर केली. त्या दिवसात पहिल्यांदा माझ्या हाकेला ओ दिली, आणि नीट माझ्याकडे बघून म्हणाले,

“आज तरी मी कुठं होतो?”